वांद्रे किल्ला

वांद्रे किल्ला, अर्थात कास्तेला दे आग्वाद, हा मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक भग्न सागरी दुर्ग आहे. जुहूच्या दक्षिणेस, जुन्या साष्टी बेटाच्या नैर्ऋत्य टोकावर, माहीमच्या उपसागराच्या मुखाशी तो उभा आहे. पोर्तुगिजांनी तो 1640 मध्ये बांधला. पुढे सुमारे पाऊण शतक तो पोर्तुगीज साष्टी आणि इंग्रजांची मुंबई यांमधील सरहद्दीवरचा पहारा होता. 1739 मध्ये तो शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून मुद्दाम पाडण्यात आला.

नाव

‘आग्वाद’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ गोड्या पाण्याची जागा असा होतो. ये-जा करणारी गलबते येथील झऱ्यावर पिण्याचे पाणी भरून घेत. त्यावरून हे नाव पडले. गोव्यातील आग्वाद किल्ल्याच्या नावाचा उगमही असाच आहे.

सरहद्दीची पार्श्वभूमी

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 च्या तहान्वये वसई, साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. त्यामुळे किल्ला बांधला गेला तेव्हा खाडीचे दोन्ही काठ त्यांच्याच ताब्यात होते आणि समुद्रावर नजर ठेवणे एवढेच त्याचे काम होते.

1661 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला आणि मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली. प्रत्यक्ष ताबा 1665 मध्ये मिळाला. 1668 मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. अशा रीतीने माहीमची खाडी दोन सत्तांमधील सीमा बनली. दक्षिण काठावर इंग्रजांचा माहीमचा किल्ला व उत्तर टोकावर पोर्तुगिजांचा वांद्रे किल्ला असे दोन दुर्ग समोरासमोर आले.

मराठ्यांची मोहीम आणि किल्ल्याचा विध्वंस

पहिल्या बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणे घेतले व साष्टीचा बहुतेक भाग जिंकला. 1739 च्या आरंभी उत्तर कोकणातील पोर्तुगीज ठाणी एकामागून एक पडू लागली. जुहूच्या उत्तरेकडील, मढ येथे असलेला वेसाव्याचा किल्लाही त्याच वर्षी मराठ्यांनी घेतला. या मोहिमेच्या वृत्तांतांत येणारे ‘माहीम’ हे पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम होय. मुंबईच्या माहीमशी त्याची गल्लत करू नये.

या घडामोडींनी मुंबईतील इंग्रज धास्तावले. वांद्र्याचे टोक मराठ्यांच्या हाती गेले असते, तर तेथून माहीमच्या किल्ल्यावर तोफा डागता आल्या असत्या आणि खाडीत शिरणारी गलबते अडवता आली असती. किल्ला राखण्याचे बळ पोर्तुगिजांमध्ये उरले नव्हते. अखेर त्यांच्या संमतीने इंग्रजांनी किल्ल्याचा बराचसा भाग पाडला. त्यामुळे माहीमच्या तोफांचा माराही मोकळा झाला. मे 1739 मध्ये वसई पडली आणि साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली.

नंतरचा काळ

डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले व साष्टी ताब्यात आणली. 1782 च्या सालबाईच्या तहाने हा ताबा कायम झाला. खाडीच्या दोन्ही काठांवर पुन्हा एकच सत्ता आली आणि सीमेचा दुर्ग म्हणून या जागेचे महत्त्व सरले. 1830 मध्ये साष्टीतील बरीच जमीन पारशी दानशूर बैरामजी जीजीभाई यांना मिळाली. त्यांनी या टेकडीवर निवासस्थान बांधले. त्यावरून या टोकाला बैरामजी जीजीभाई पॉइंट असे नाव पडले. 1845 मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा बांधरस्ता झाला आणि पूर्वीची सरहद्द पायी ओलांडता येऊ लागली.

अवशेष व सद्यस्थिती

समुद्रकाठापासून सुमारे 24 मीटर उंचीपर्यंत हा किल्ला निरनिराळ्या पातळ्यांवर पसरलेला आहे. प्रवेशद्वार व तटबंदीचा काही भाग आज शिल्लक आहे. लाटांच्या माऱ्याने पायथ्याचे दगडी बांधकाम खचू लागले होते. 2003 मध्ये स्थानिक रहिवाशांच्या पुढाकाराने जतनाचे काम हाती घेण्यात आले. त्यात पायाची व दरवाजाच्या विटांच्या कमानीची दुरुस्ती झाली. जवळच एक खुले रंगमंदिर आहे.

किल्ल्यावरून माहीमचा उपसागर आणि 2009 मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. समोरच्या काठावरील माहीमचा किल्लाही आज पडक्या अवस्थेत आहे. एका सीमेच्या दोन्ही बाजूंचे दुर्ग एकाच उपसागरावर पाहता येत असल्याने मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठी हे स्थळ विशेष महत्त्वाचे आहे.