रिकाम्या खुर्च्यांचा दोष प्रेक्षकाचा नाही

मुंबई-पुण्यात सिनेमाच्या तिकिटांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. मॉलमधल्या जागेचं भाडं, वीज, पगार, कर सगळंच वाढलं आहे. तेव्हा तिकीटही महागच असणार. प्रेक्षक घटले ते ओटीटीमुळे, दर उतरवून ते परतणार नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांनी महिना-दोन महिने थांबावं आणि घरी पाहावं. हे म्हणणं इतकं रुळलं आहे की प्रेक्षकही ते मान्य करून बसले आहेत. मला ते मुळातूनच चुकीचं वाटतं.

आधी कर. ३०० रुपयांच्या तिकिटात जीएसटीचे साधारण ४६ रुपये असतात. हे ओझं खरं आहे, पण दरवाढीचं खापर त्यावर फोडता येत नाही. शंभरावरच्या तिकिटांचा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी पुढे तिकिटं चढतच गेली. शंभरापर्यंतच्या तिकिटावर तर २२ सप्टेंबर २०२५ पासून फक्त ५ टक्के कर आहे. पण महानगरातल्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवार-रविवारी तसं तिकीट सहसा मिळत नाही.

ओटीटीच्या मुद्द्याला प्रेक्षकांनीच उत्तर दिलं आहे. २३ सप्टेंबर २०२२ ला, राष्ट्रीय चित्रपट दिनी, तिकीट ७५ रुपये होतं. वार शुक्रवार, कामाचा दिवस. मल्टिप्लेक्स संघटनेच्याच सांगण्यानुसार त्या एका दिवसात ६५ लाखांवर लोक आले. ओटीटी तर त्या दिवशीही घरोघरी होतंच. एका दिवसाच्या उत्साहावर धंदा चालत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण लोकांना मोठ्या पडद्याची ओढच उरली नाही, हे म्हणणं त्या गर्दीने खोटं ठरवलं.

राहिला खर्च. खेळाला वीस माणसं असोत वा दोनशे, भाडं तेच आणि एसीही तेवढाच चालतो. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या २००९ च्या वादानंतर ठरलेल्या वाटणीनुसार हिंदी चित्रपटाच्या पहिल्या आठवड्याचं निम्मं तिकीट-उत्पन्न वितरकाकडे जातं. खाण्यापिण्याचे पैसे मात्र थिएटरकडेच राहतात. पीव्हीआर आयनॉक्सच्या २०२३-२४ च्या आकड्यांत तिकीट सरासरी २५९ रुपयांचं आणि खाण्यापिण्यावरचा माणशी खर्च १३२ रुपयांचा आहे. म्हणजे प्रत्येक रिकाम्या खुर्चीमागे थिएटर दोन्ही गमावतं. चढा दर राखून खुर्च्या रिकाम्या ठेवण्यात धंद्याचंही हित नाही.

आता हा हिशेब घरातून पाहा. चौघांचं कुटुंब, रविवारची संध्याकाळ. तिकिटांचे बाराशे, वर ऑनलाइन बुकिंगचं शुल्क. दारात पर्स तपासली जाते आणि घरून आणलेला चिवड्याचा डबा बाहेर ठेवावा लागतो. बाहेरचं खाणं अडवण्याचा थिएटरचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे. मध्यंतरात पोरं काउंटरपाशी उभी राहतात आणि आई एकच टब घेऊन चौघांत वाटते. रिक्षाचं भाडं धरून खर्च दोन हजारांच्या घरात जातो. मग हे कुटुंब दोन-तीन महिने थिएटरची पायरी चढत नाही, आणि चढतं तेव्हा खात्रीचाच सिनेमा निवडतं.

खरं नुकसान इथे होतं. स्वस्त तिकिटावर माणूस ‘बघू तरी’ म्हणून अनोळखी नटांचा, नव्या दिग्दर्शकाचा चित्रपट पाहायला जातो. तीनशे रुपयांत ही हौस परवडत नाही. मराठी चित्रपटाला याचा फटका दुप्पट बसतो. त्याला पूर्वी करमणूक करातून सूट होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती गेली. चांगल्या चित्रपटाची तोंडोतोंडी प्रसिद्धी व्हायला आठवडा तरी लागतो, आणि तोवर प्रेक्षकांअभावी त्याचे खेळ उतरलेले असतात.

म्हणून सोमवार ते गुरुवार आणि छोट्या चित्रपटांसाठी तर कायमच, तिकीट शंभराच्या आत असावं. राज्याने मराठी चित्रपटांच्या जीएसटीतला आपला वाटा सोडावा. तमिळनाडूत तिकीटदरांवर कित्येक वर्षं सरकारी मर्यादा आहे, तरी तिथले मल्टिप्लेक्स चालतात आणि तमिळ सिनेमाही जोमात आहे. प्रेक्षकाने सिनेमाकडे पाठ फिरवली, असं म्हणण्याआधी त्याला परवडेल असा दर वर्षभर देऊन पाहावा.