शंट शस्त्रक्रिया : उत्साह आणि पुरावा

आतडी व प्लीहा यांतील रक्त यकृत-निवाहिका शिरेतून (पोर्टल व्हेन) यकृतात येते. सिरोसिसने यकृत कठीण झाले की या शिरेतील दाब वाढतो. अन्ननलिकेतील शिरा फुगतात. त्या फुटल्यास रुग्ण रक्ताच्या उलट्यांनी दगावू शकतो. हे रक्त यकृत टाळून थेट अधोमहाशिरेत सोडणारी जोडणी म्हणजे शंट होय.

रशियन डॉक्टर निकोलाय एक यांनी १८७७ साली ही जोडणी आठ कुत्र्यांवर केली. सात कुत्री काही दिवसांतच मेली. आठवे सुमारे अडीच महिने जगले आणि नंतर पळून गेले. एवढ्या आधारावर एक यांनी रक्त असे वळवणे निर्धोक असल्याचा निष्कर्ष काढला. १८९३ मध्ये पावलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग अधिक काळजीपूर्वक केला, तेव्हा मांस खाल्लेली कुत्री लडखडू लागली, त्यांना झटके आले, काही बेशुद्ध झाली. यकृताने न गाळलेले रक्त मेंदूला बाधते, ही गोष्ट त्यातून पुढे आली.

तरीही रक्तस्राव थांबवण्याची गरज मोठी होती. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये ॲलन व्हिपल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवरील शंटचे अनुभव प्रसिद्ध केले आणि ही शस्त्रक्रिया सर्वत्र पसरली. १९६६ मध्ये ग्रेस, म्युंच व चाल्मर्स यांनी तोवरचे ५१ अभ्यास तपासले. तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या ३२ अभ्यासांपैकी २४ अभ्यासांचे लेखक शंटविषयी अत्यंत उत्साही होते. तुलनागट असूनही रुग्णांची वाटणी यादृच्छिक नव्हती, अशा १५ पैकी १० अभ्यासांत तसा उत्साह होता. रुग्ण यादृच्छिक पद्धतीने वाटलेल्या चार अभ्यासांत मात्र एकही लेखक तितका उत्साही नव्हता.

कारण उघड होते. शंटने रक्तस्राव थांबे. पण अनेक रुग्ण पुढे यकृत निकामी होऊन मरत किंवा त्यांना मेंदूचा विकार जडे. शस्त्रक्रियेला मुळात धट्टेकट्टे रुग्ण निवडले, तर ते अधिक जगतात यात नवल नाही. श्रेय मात्र शंटला मिळे.

पुढे १९६७ साली डीन वॉरेन यांनी यकृताकडील प्रवाह राखणारा निवडक शंट मांडला. १९८८ पासून गळ्यातील शिरेतून जाळीदार नळी यकृतात बसवण्याची पद्धत रुग्णांवर सुरू झाली. आज औषधे, फुगलेल्या शिरांना रबरी कडी लावणे आणि यकृतारोपण हे उपायही आहेत.

शंट फसवा नव्हता. त्याची परीक्षा अपुरी होती. रक्त थांबले म्हणजे रुग्ण वाचला, असे मानण्याची किंमत अखेर रुग्णानेच मोजली.