एसएफटीपी : प्रोग्राममधून फाइल सुरक्षित कशी उतरवावी?

दूरच्या सर्व्हरवरून फाइल आणण्याची सुरक्षित पद्धत म्हणजे एसएफटीपी. १९७१ साली अभय भूषण यांनी मांडलेल्या मूळ एफटीपीत पासवर्ड आणि मजकूर दोन्ही उघडेच जातात. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केले. एसएफटीपी त्याच्याच कूटबद्ध वाटेने, सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते.

पायथनमध्ये यासाठी पॅरामिको लायब्ररी वापरतात. खरी गोम आहे सर्व्हरच्या ओळखीत. अनोळखी सर्व्हर दिसला की पॅरामिको मुळात जोडणी नाकारते. ही कटकट नको म्हणून बरेच जण 'ऑटोॲडपॉलिसी' लावून मोकळे होतात. मग पहिल्याच वेळी समोर तोतया सर्व्हर असला, तरी प्रोग्राम त्याला खरा मानून पासवर्ड देऊन टाकतो. पगाराची फाइल रात्री आपोआप उतरत असेल, तर इशारा वाचायलाही कुणी नसते.

म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून कीचा फिंगरप्रिंट जुळवावा आणि की आधीच नोंदवून ठेवावी. पासवर्ड कोडमध्ये लिहू नये. फाइल तात्पुरत्या नावाने उतरवावी, आकार जुळला की मगच खरे नाव द्यावे. अर्धवट फाइल हिशेबात शिरली, तर चूक शोधता शोधता नाकी नऊ येतात.