नाल्याच्या पाण्यातला हिवताप

झाडीपट्टीतल्या हिवतापाचा इतिहास सांगताना आपण बहुधा कोयनेलच्या गोळीपासून सुरुवात करतो आणि डीडीटीच्या फवाऱ्यापाशी थांबतो. डास ज्या पाण्यात जन्मतो, ते पाणी या हकिकतीतून गळून जाते. चंद्रपूर-गडचिरोलीचा हिवताप समजून घ्यायचा तर आधी नाल्यात उतरावे लागते.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. मग पुढचा प्रश्न आला : नेमका कोणता डास? आपल्या भागापुरते उत्तर मुख्यतः दोन नावांत मावते. ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस आणि ॲनॉफिलीस फ्लुविएटिलिस. दोघांचे पाणी वेगळे. पहिल्याला पावसाची डबकी, नदीपात्रातले खळगे, कालव्याचे पाझरपाणी आणि नुकती रोवणी झालेली बांधी मानवते. दुसऱ्याला डोंगरपायथ्याचा, गवताळ काठाचा, संथ वाहणारा स्वच्छ नाला हवा. म्हणून पहिल्याचा जोर पावसाळ्यात, तर दुसऱ्याचा पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी.

असे का घडते, ते पाण्यातल्या इतर किड्यांकडे पाहिले की कळते. मेफ्लायची पिल्ले कल्ल्यांनी श्वास घेतात. त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो आणि तो थंड, खळाळत्या पाण्यात भरपूर असतो. डासाची अळी मात्र पृष्ठभागाशी येऊन थेट हवा घेते. पाण्यातला प्राणवायू घटला तरी तिचे अडत नाही. तिला जड जातो तो प्रवाह. म्हणजे नाल्याची धार तुटून डबकी उरली की मेफ्लायचे मरण आणि डासाचे राज्य एकाच वेळी सुरू होते. चतुराची पिल्ले डासाच्या अळ्या खातात खरी, पण त्यांना वाढायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. उबदार पाण्यात डास आठ-दहा दिवसांत पंख फुटून उडतो. नव्या डबक्यात भक्ष्य आधी पोचते, भक्षक मागाहून.

सावलीचे गणितही सरळ नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी माल्कम वॉटसन यांनी मलायात सपाटीवरचे दलदलीचे जंगल साफ करून हिवताप उतरवला. तोच उपाय डोंगराळ भागात उलटला. सावली गेलेल्या ओढ्यांत ऊन आवडणारा दुसराच डास फोफावला. रान तोडले की ताप जातो, हा समज त्यामुळे खोटा ठरला. रान राखले की ताप येतच नाही, हेही तितकेच खोटे. प्रत्येक नाल्याचा डास वेगळा विचारावा लागतो.

धानाच्या बाबतीत असाच बारकावा पॉल रसेल आणि टी. रामचंद्र राव यांनी तंजावर भागात टिपला. त्यांचे निष्कर्ष १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. क्युलिसिफेसीसची मादी पाण्यावर घिरट्या घालत अंडी टाकते. धान फूटभर वाढले की उभ्या रोपांचा तिला अडथळा होतो आणि ती त्या बांधीकडे फिरकेनाशी होते. म्हणजे धोका पूर्ण हंगामाचा नाही, रोवणीनंतरच्या काही आठवड्यांचा आहे.

आपल्याकडे पाणी अडवण्याची परंपरा जुनी. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने तलाव-बोड्या बांधल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आसोलामेंढा, घोडाझरीसारखी मोठी कामे झाली. या पाण्याने माणूस जगवला. पण तलावापेक्षा त्याखालचे पाझर, फुटके पाट आणि तुंबलेले सांडवे डासाला अधिक सोयीचे असतात. दोष पाणी अडवण्याचा नाही, पाट मोकळे न ठेवण्याचा आहे.

१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. सगळी भिस्त घराच्या भिंतीवर होती : डास चावून भिंतीवर बसेल आणि मरेल. १९६५ च्या सुमारास देशातील नोंदलेले रुग्ण लाखभरावर आले. १९७६ मध्ये तोच आकडा ६४ लाखांवर गेला. क्युलिसिफेसीस डीडीटीला सरावला होता, हे त्याचे एक कारण. रानातल्या गावांत आणखी दोन कारणे होती. भिंत सारवली की औषध मातीखाली जाते, आणि जागलीला गेलेला माणूस भिंतीच्या आत झोपतच नाही.

१९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत त्याचा वाटा मोठा आहे. औषधी मच्छरदाणी, लवकर तपासणी आणि पूर्ण औषधोपचार यांना पर्याय नाही. पण त्यांच्या जोडीला नाल्याची नोंद हवी. कोणत्या महिन्यात धार तुटते, वाळू उपसलेल्या खड्ड्यांत पाणी किती दिवस राहते, कोणत्या काठची झाडे गेली, रोवणी कधी झाली. या नोंदीला प्रयोगशाळा लागत नाही, एक वही आणि पांढरी वाटी पुरते. तापाचे आकडे गावाच्या नावाने लिहिले जातात. त्यांच्याशेजारी नाल्याचे नाव लिहिले, तर पुढचा ताप कुठून येणार हे गावाला आधी कळेल.