शाळेतलं पिस्तूल आणि केंद्राचे हात

१० मार्च १९९२. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एडिसन हायस्कूलमध्ये बारावीतला एक मुलगा .३८ कॅलिबरचं पिस्तूल आणि पाच गोळ्यांसकट पकडला गेला. टेक्सासच्या कायद्याने हा गुन्हा होताच. पण दुसऱ्याच दिवशी केंद्राने १९९० च्या स्वतःच्या कायद्याखाली आरोप ठेवला आणि राज्याने आपला खटला मागे घेतला. शिक्षा झाली सहा महिने कैदेची.

आता गंमत बघा. अमेरिकन राज्यघटनेने केंद्राला मोजकेच अधिकार दिलेत. मग शाळेतल्या पिस्तुलाशी केंद्राचा संबंध काय? तर म्हणे राज्याराज्यांमधला व्यापार! बंदुकीमुळे गुन्हे, गुन्ह्यांमुळे विम्याचा खर्च. शिवाय भेदरलेली मुलं नीट शिकत नाहीत, म्हणजे देशाचं उत्पादन घटतं. हसू नका. १९४२ मध्ये कोर्टाने एका शेतकऱ्याचा घरच्या वापराचा गहूसुद्धा याच व्यापारात बसवला होता.

१९९५ मध्ये मात्र सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द केला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचा मुद्दा साधा होता: ही साखळी मान्य केली तर केंद्राच्या अधिकाराबाहेर उरतं काय? व्यापाराच्या कलमावर केंद्राला असा लगाम जवळजवळ ६० वर्षांनी बसला.

पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, पळवाट काढली. आता बंदूक राज्याराज्यांमधल्या व्यापारातून आलेली हवी, एवढीच अट. बहुतेक बंदुका तशाच येतात!

मग लोपेझ खटल्याने साधलं काय? माझ्या मते, एक गोष्ट नक्की. हेतू चांगला असला तरी 'हा अधिकार तुम्हाला दिला कोणी?' हे केंद्राला विचारता येतं.