तार जोडणाऱ्या बाया

पाटाच्या पाण्याची पाळी तुम्हाला ठाऊक आहेच. पाळी आपली असेपर्यंत पाट आपला. आपण दारं धरलं नाही, तरी शेजारणीला ते पाणी घेता येत नाही. जुना टेलिफोन याच रीतीनं चालायचा. दोघी बोलत असेपर्यंत मधली सगळी वाट फक्त त्या दोघींची. दोघी गप्प बसल्या, तरी वाट अडलेलीच. याला सर्किट स्विचिंग म्हणतात.

ही वाट जोडायचं कोण? जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथं २१ गिऱ्हाइकांचं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्या काळी या कामावर पोरं असत. ती गिऱ्हाइकांशी उद्धट बोलत. म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरात बोस्टनला एमा नट ही पहिली बाई ऑपरेटर लागली. पुढं हे काम बायकांचंच झालं. समोर भोकांची फळी. योग्य भोकात वायरीचा प्लग खुपसला, की वाट जुळली. बोलणं संपलं, की प्लग उपसायचा.

काम मोठं, पगार थोडा. एप्रिल १९१९ मध्ये ज्युलिया ओकॉनर यांच्या पुढाकारानं बोस्टन आणि आसपासच्या हजारो ऑपरेटर बायांनी संप केला. टेलिफोन मुके झाले. सहा दिवसांत पगारवाढ मिळाली.

पण हात काढून घेणारं यंत्रही येत होतं. आल्मन स्ट्रॉजर यांनी १८९१ साली आपोआप वाट जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. ते अंत्यसंस्काराचा व्यवसाय करत. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसरीकडे जोडते, असा त्यांना संशय होता, असं सांगतात. यंत्रं पसरली, तशा बायांच्या खुर्च्या कमी झाल्या.

आपल्याकडे ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेल्या आज्या अजून आहेत. लांबच्या वाटा मोजक्या होत्या. एक सुटेपर्यंत दुसरीनं थांबायचं. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान ऑपरेटरशिवाय थेट फोन लागू लागला. तीच एसटीडी.

आज आपल्या मोबाइलवरचा संदेश बारीक तुकड्यांत जातो. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि एकाच वाटेवरून अनेकींचे तुकडे एसटीतल्या प्रवाशांसारखे एकत्र जातात. वाट कुणा एकीसाठी अडून राहत नाही.

मैत्रिणींनो, गावात नवं यंत्र आलं, की ते काय करतं एवढंच विचारू नका. ते काम आजवर कोणाचे हात करत होते आणि आता त्या हातांना काय काम, हेही बैठकीत विचारा.