दारावरची थाप आणि तारेवरचा कान

फोन चोरून ऐकल्याची बातमी आली, की मला उत्तर प्रदेशातला खडकसिंग आठवतो. त्याचा खटला फोनचा नव्हे, दाराच्या कडीचा. १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून त्याला पकडलं, पुराव्याअभावी सोडलं. पण पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार येणार, दार ठोठावणार, हाका मारून उठवणार. गाव सोडायचं तर चौकीदाराला सांगून. हा गृहस्थ थेट सर्वोच्च न्यायालयात गेला! १९६२ साली न्यायालयानं रात्रीच्या या भेटी रद्द केल्या. पाळत मात्र राहू दिली. कारण, खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असं बहुमत पडलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना ते पटलं नाही. पाठीवर पोलिसाची नजर घेऊन हिंडणारा माणूस मोकळा कसला, असा त्यांच्या भिन्नमताचा आशय होता.

दारावर थाप पडली तर निदान कळतं. फोन ऐकणारा थाप मारत नाही, मग तक्रार करायची कुणी? १८८५च्या टेलिग्राफ कायद्यानं सरकारला ही मुभा दिली होती. राजकारण्यांच्या फोनबद्दलचा सीबीआयचा अहवाल १९९१मध्ये ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात आला आणि पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना न्यायालयात गेली. जयप्रकाशजींच्या पुढाकारानं १९७६मध्ये सुरू झालेली हीच ती संघटना. तिची बाजू राजिंदर सच्चर यांनी मांडली. मागणी साधी होती: फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्या.

१९९६च्या निकालात बरंच मिळालं. फोनवरचं बोलणं खासगीच, हे मान्य झालं. गृहसचिवांचा हुकूम हवा, तो दोन महिन्यांपुरता, वाढवला तरी एकूण सहा महिने. न्यायाधीशाची परवानगी मात्र मिळाली नाही. कायद्यातच तशी तरतूद नाही, असं न्यायालय म्हणालं. हुकूम तपासायला समिती नेमली, तीही सचिवांचीच!

२०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि खडकसिंगाच्या निकालातला तो भाग पुसला. या दोन्ही निकालांच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयानं २०१९मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन हुकूम रद्द केले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. तिथं निदान आरोपीला कळलं होतं. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला कोण सांगणार?

पुढं १८८५च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३चा दूरसंचार कायदा झाला, २०२४मध्ये नवे नियम आले. परवानगी गृहसचिवांची, तपासणी सचिवांच्या समितीची. सच्चरांनी मागितलेला न्यायाधीश त्यातही नाही.